तरवडाचा माळ

जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी रानं. कपाशी, सोयाबीन, मधूनच एखादी मोसंबीची बाग. जमीन जरा चढली, माती धुऊन मुरूम उघडा पडला, की नांगर थांबतो आणि तरवड सुरू होतो. बांधावर, गायरानात, रुळांच्या कडेला, पाझर तलावाच्या भरावावर. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. वर्षाकाठी 600 ते 700 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. तेवढ्यात हे कमरेएवढं, कधी डोक्याएवढं झुडूप आपलं भागवतं आणि भादव्यात असं पिवळंजर्द फुलतं की शेजारच्या पिवळ्या पडलेल्या सोयाबीननं ओशाळावं.

जालन्याची ओळख सांगताना सळई येते, बियाणं येतं, ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण येते. तरवडाचं नाव कुणी घेत नाही. गावाकडच्या माणसाला तो इतका रोजचा की दिसत नाही आणि शहरातल्याला तो ठाऊकच नाही. टाकळा आणि सोनामुखी त्याच्या सख्ख्या भावकीतले, बहावा जरा लांबचा. बहाव्याच्या झुंबरांचे फोटो दर उन्हाळ्यात निघतात. तरवडाच्या नशिबी ते नाही, कारण त्याच्याकडे मान वर करून बघता येत नाही, खाली बसावं लागतं.

बसलं की मात्र बरंच दिसतं. चिंचेच्या पानाची आठवण करून देणारं पान, देठाच्या बुडाशी दोन्हीकडे कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णं. रुपया झाकून टाकेल एवढं फूल, पाच पाकळ्या, पाकळ्यांवर बारीक शिरांची जाळी. खरी गंमत पुंकेसरांची. ते दहा, पण सारखे नाहीत. वरचे तीन वांझ. उरलेल्यांत काही आखूड, काही लांब, बाकदार. फुलात मध नावाला नाही. येणाऱ्याला मिळतो तो फक्त पराग, आणि तोही सहजी नाही, कारण परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात.

या कुलपाची किल्ली भुंग्याकडे. काळा, जाडजूड, लाकूड पोखरणारा तो भुंगा येतो, फुलाला पायांनी गच्च धरतो, पंख मिटून घेतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्याच्या उडण्याचा नेहमीचा आवाज खर्जातला. इथं तो एकदम वरच्या पट्टीत जातो. त्या कंपनानं छिद्रांतून परागाची फवारणी होते. आखूड केसरांतला पराग तो खायला नेतो आणि लांब केसरांतला त्याच्या नकळत अंगावर बसून दुसऱ्या झाडाकडे निघतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही. ती येते आणि सांडलेलं वेचते. माळावर सकाळी आठच्या सुमारास उभं राहिलं तर डोळे मिटूनही सांगता येतं, कुठला भुंगा नुसता उडतोय आणि कुठला फुलावर आहे.

शेळ्या बाभळीच्या काट्यांतूनही पाला ओरबाडतात, पण तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. चराईखालच्या माळावर तो टिकतो तो याच बळावर. माणसानं मात्र त्याला सोडलं नाही. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर. क्रोमनं कातडं कमावण्याची पद्धत येण्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, दख्खनच्या चामड्याला तरवडाची साल लागे. मोटा, चपला, पखाली, घोड्यांचे साज यांना हीच साल. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली आणि तरवडावरचा कोयता जरा थांबला. मोट गेली, पखालही गेली. तिकडं तमिळ मुलखात त्याची फुलं वाळवून काढा करतात, इकडं कुणी कुणी अजून काडी मोडून दात घासतो.

फुलाला मान मिळतो तो नवरात्रात. घटावर रोज एक माळ चढते, आणि कोरडवाहू मुलखात झेंडू विकत घेण्याआधी माळावरचा तरवड तोडून आणला जाई. अंबडला टेकडीवर मत्स्योदरीची यात्रा भरते ते दिवसही हेच. अश्विनात देवीला काय वाहायचं हे मुलखानंच ठरवून ठेवलेलं.

याच दिवसांत पलीकडे तेलंगणात बायका बतुकम्मा रचतात. फुलांचे थर एकावर एक चढवून निमुळता ढीग करायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. त्या थरांत तंगेडू हवाच. तंगेडू म्हणजे आपला तरवडच. 2014 मध्ये नवं राज्य झाल्यावर त्यांनी त्यालाच राज्यफूल केलं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपणही त्याच निजामाच्या मुलखात होतो, पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. एकाच राजवटीतल्या दोन भावांपैकी एकानं या झुडपाला राज्याचं मानचिन्ह केलं आणि दुसऱ्यानं त्याला सातबाऱ्यावरच्या पोटखराब्यात ठेवलं. मला याचा थोडा रागच येतो.

पोटखराबा, पडीक, ओसाड. देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यांतही असल्या झुडपी माळांची गणती होते. जणू इथं कधीकाळी घनदाट जंगल होतं आणि ते तोडल्यावर हा तरवड उरला. पण विरळ झाडं, मधे गवत आणि काटेरी झुडपं हा दख्खनचा स्वतःचा चेहरा आहे, सवाना आहे, असं अभ्यासक आता सांगू लागलेत. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा चाळून त्यांत कुठकुठल्या वनस्पती येतात ते पाहिलं. अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा, पण निष्कर्ष आपल्याही कामाचा: किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही तो मुलूख असाच मोकळा, काटेरी होता. पंढरपूरच्या देवळात संत कान्होपात्रेच्या नावानं पुजलं जातं ते तरटीचं झाडसुद्धा माळरानाचंच.

हे कळायच्या आतच गायरानावर खड्डे पडतात. मृगाच्या तोंडाला तरवड खणून काढायचा, रांगेत गिरिपुष्प लावायचं, फोटो काढायचे. झाडं लावू नयेत असं कोण म्हणेल? शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, गावठाणात लावा. माळाला माळ राहू द्या.

कुणाला दारात हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळतात, चपट्या, कागदासारख्या पातळ. बी टणक. दगडावर जरा घासून, रात्रभर पाण्यात ठेवून मुरमात पेरावं, खत घालू नये. कुंडीतही येतो म्हणे, पण भुंगा तिसऱ्या मजल्यावर येईलच याचा भरवसा नाही.