एक टोकन, एक गाडी

आमचे आजोबा खानदेशातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि सुरत–भुसावळ मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनवर पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाले. मग बारडोलीत घर बांधले आणि आम्ही इथलेच झालो. तेव्हा हा मार्ग एकेरी होता. जळगावला मामाकडे जाताना गाडी कुठल्यातरी आडगावी क्रॉसिंगसाठी थांबली, की आम्ही मुले कंटाळून जायचो. आजोबा म्हणायचे, "अरे, टोकन मिळाल्याशिवाय ड्रायव्हर हलायचा नाही."

हे टोकन म्हणजे एक लोखंडी गोळा. शेजारच्या दोन स्टेशनांवरची यंत्रे तारेने जोडलेली असत आणि त्या दोन्हींतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. ज्याच्या हाती गोळा, त्याचीच गाडी त्या रुळावर जाणार. तो परत यंत्रात जाई तो पुढच्या स्टेशनवर, गाडी पूर्ण आत आल्यावर. "अर्ध्या वाटेत टोकन सोडायचं नसतं," असे आजोबा बजावायचे. हे वाक्य मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळले, तेही चूक करून.

सुरत जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. ऊस भरलेला ट्रॅक्टर आधी भरल्या काट्यावर वजन करतो आणि ते वजन सर्व्हरवर नोंदले जाते. ऊस उतरवून तो रिकाम्या काट्यावर येतो. तिथला प्रोग्रॅम सर्व्हरला विचारतो, "या नंबरच्या गाडीचे भरलेले वजन किती?" उत्तर आले की त्यातून रिकामे वजन वजा करून निव्वळ वजनाची पावती छापतो. शेतकऱ्याचे बिल आणि तोडणीवाल्यांची मजुरी या पावतीवर ठरते.

रिकामे काटे दोन होते. दोन्हींचे काम एकाच वेळी चालावे म्हणून प्रोग्रॅममध्ये मी दोन थ्रेड ठेवले. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणारी वेगवेगळी कामे. सर्व्हरशी बोलायला मात्र कनेक्शन एकच ठेवले, सकाळी उघडायचे आणि दोन्ही थ्रेडनी वापरायचे. नवीन कनेक्शन उघडण्यात वेळ जातो, मग एकात भागत असेल तर दोन कशाला, असा माझा हिशेब होता. चाचणी घेतली, सगळे बरोबर आले. हंगाम सुरू झाला.

दोन आठवड्यांनी नंदुरबारकडचा एक मुकादम काट्यावर मला शोधत आला. हातात वही होती. म्हणाला, "भाऊ, तुमचा काटा खरा आहे, पण कागद खोटा आहे. तेवढीच ट्रॉली, तेवढाच ऊस, आणि पावती 8.9 टनांची? आमची ट्रॉली 12 टनांच्या खाली येत नाही."

मी त्याला समजावले, "दादा, कॉम्प्युटर आहे, तो चुकत नाही." रोजच्या एकूण वजनाची बेरीज मी ताडून पाहिली होती आणि ती किलोपर्यंत जुळत होती. मुकादम काही बोलला नाही, वही मिटून गेला. ते गप्प राहणे मला झोपू देईना.

रात्री नोंदी उघडल्या. त्याच्या ट्रॅक्टरचे भरलेले वजन सर्व्हरवर 16.4 टन होते आणि रिकामे 4.2 टन. निव्वळ 12.2 टन यायला हवे होते. त्याच क्षणी दुसऱ्या काट्यावर जो ट्रॅक्टर होता त्याचे भरलेले वजन 13.1 टन, रिकामे 4.0 टन. उत्तरांची अदलाबदल झाली होती. मुकादमाच्या 13.1 मधून 4.2 गेले आणि 8.9 उरले. दुसऱ्याच्या 16.4 मधून 4.0 गेले आणि त्याला 12.4 मिळाले. दोन्हींची बेरीज आधीही 21.3 होती आणि नंतरही 21.3. म्हणूनच माझा ताळा जुळत होता. एकाचे 3.3 टन दुसऱ्याच्या नावावर गेले होते. 3.3 टन म्हणजे दोन-तीन कोयत्यांची, म्हणजे दोन-तीन जोडप्यांची, दिवसभराची तोड.

असे का व्हावे? टीसीपी कनेक्शन हा बाइटचा सरळ प्रवाह असतो. पाठवलेले बाइट त्याच क्रमाने पोचतील एवढीच त्याची हमी. कुठल्या थ्रेडने विचारले आणि उत्तर कुणाचे, हे त्याला ठाऊक नसते. पहिल्या थ्रेडने प्रश्न टाकला, पाठोपाठ दुसऱ्याने टाकला. उत्तरे क्रमाने आली, पण वाचायला दुसरा आधी पोचला आणि पहिल्याचे उत्तर घेऊन गेला. चाचणीत मी एका वेळी एकच गाडी सोडली होती, म्हणून ही चूक तिथे दिसणे शक्यच नव्हते. तिला गर्दी लागते.

सकाळी मी घाईने लॉक लावले. प्रश्न पाठवताना एकच थ्रेड पाठवेल, दुसरा थांबेल. दुपारी पुन्हा एक चुकीची पावती निघाली. तेव्हा आजोबांचे वाक्य आठवले. मी अर्ध्या वाटेत टोकन सोडत होतो! प्रश्न गेला की लॉक सुटत होते आणि उत्तर अजून रुळावरच होते. लॉक प्रश्न पाठवण्यापासून त्याचे पूर्ण उत्तर वाचून होईपर्यंत हवे.

आणखी दोन गोष्टी मग शिकलो. मधेच काही बिघडले तरी लॉक सुटलेच पाहिजे, नाहीतर दुसरा काटा कायमचा खोळंबतो. आणि उत्तराची वाट पाहून वेळ संपली, तर ते कनेक्शन बंदच करायचे. कारण उशिरा आलेले उत्तर त्यात पडून राहते आणि पुढच्या गाडीला मिळते.

शेवटी मी प्रत्येक थ्रेडला स्वतःचे कनेक्शन दिले. थ्रेड पुष्कळ असतील तर कनेक्शनचा पूल करतात. ठरावीक कनेक्शन उघडून ठेवायची, लागेल तेव्हा एक घ्यायचे, काम पुरे झाल्यावर परत ठेवायचे. तयार लायब्ररी वापरतानाही आधी विचारून घ्यावे. पायथॉनच्या डेटाबेस लायब्ररींनी 0 ते 3 असा आकडा जाहीर करायचा असतो. पायमायएसक्यूएलचा आकडा 1 आहे, म्हणजे लायब्ररी अनेक थ्रेडनी वापरा, पण एक कनेक्शन वाटून घेऊ नका. हे आधी वाचले असते तर मी सर्व्हरशी बोलणारा माझा कोडही त्याच नजरेने तपासला असता.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात अशा वाटून घेण्यासाठी जे साधन मांडले, त्याला त्यांनी सेमाफोर म्हटले. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. आजोबांना हे ऐकून फार आनंद झाला असता.

सर्व्हरवर भरलेली वजने गाडीच्या नंबराने शाबूत होती, म्हणून सगळ्या पावत्या नव्याने काढता आल्या. 14 चुकीच्या निघाल्या. मुकादमाला दुरुस्त पावती देताना मी माफी मागितली. त्याने ती आपल्या वहीशी ताडून पाहिली आणि मगच खिशात ठेवली.

बारडोलीत 1928 मध्ये शेतकऱ्यांनी 22 टक्के सारावाढ भरायला नकार दिला. नंतरच्या ब्रूमफील्ड–मॅक्सवेल चौकशीत वाढीमागचे आकडे भरवशाचे नसल्याचे दिसले आणि वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. शाळेत असताना स्वराज आश्रमात हे मी अनेकदा ऐकले होते. तरी वही घेऊन आलेल्या माणसाला मी, बारडोलीचा मुलगा, म्हणालो की कॉम्प्युटर चुकत नाही.

आपल्या मंडळातली बरीच मुले आज याच क्षेत्रात आहेत. त्यांना एवढेच सांगेन, की प्रोग्रॅमची चाचणी गर्दीत घ्या. आणि बेरीज जुळत असतानाही कुणी वही घेऊन आले, तर आधी त्याची वही बघा.

उधना–जळगाव मार्ग आता दुहेरी झाला आहे. जळगावला जाताना क्रॉसिंगसाठी ताटकळावे लागत नाही. आजोबांचे टोकन मात्र मी रोज वापरतो.