दोनशे चाळीस तारा

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला एरंडवण्यातल्या आमच्या अंगणातून ठोके ऐकू यायचे. ठण्, मग थोडी उसंत, पुन्हा ठण्. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "अहो, आज कुठलं चाक?" तात्या मान वर न करता सांगायचे, "मागचं डावं."

तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि गाडी म्हणजे १९४८ची एमजी टीसी. दोन माणसांची, उघडी, आडव्या बंपरचा पत्ता नसलेली, बाराशे पन्नास सीसीची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. मायदेशी परतणाऱ्या एका लष्करी साहेबाने ती खडकीत कुणाला तरी विकली आणि दोन हात फिरून ती आमच्याकडे आली. गाडीपेक्षा तिची चाकंच आधी डोळ्यांत भरायची. एकोणीस इंची, सायकलीसारखी, तारांची. एका चाकात अठ्ठेचाळीस तारा. चार चाकं खाली आणि पाचवं पेट्रोलच्या टाकीमागे पाठीवर टांगलेलं. पाच गुणिले अठ्ठेचाळीस हा गुणाकार मला शाळेत शिकवावा लागला नाही. दोनशे चाळीस, आणि त्यातल्या निदान निम्म्या तरी माझ्या वाट्याच्या.

या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात. मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असतो, तो ठोकून सोडवायचा आणि ठोकूनच आवळायचा. त्यासाठी तात्यांकडे तांब्याची हातोडी होती. लोखंडाची मारली तर नटाचे कान चेपतात, तांब्याची मारली तर हातोडीच चेपते. वर्षानुवर्षं मार खाऊन तिचं तोंड भूछत्रासारखं पसरलं होतं. डाव्या बाजूच्या चाकांना सुलटे आटे, उजव्या बाजूच्यांना उलटे. उलटसुलट बसवलं तर गाडी पुढे धावता धावता नट आपोआप सैल होत जाणार. मी एकदा उजव्या चाकाच्या कानावर हातोडी उगारली आणि चुकीच्या दिशेने मारणार तोच तात्यांनी मनगट धरलं. ओरडले नाहीत. नटावर कोरलेला बाण दाखवला आणि म्हणाले, "वाचता येतं ना? मग वाच."

चाक निघालं की ते आंब्याखालच्या पोत्यावर आडवं पडायचं. हौदाचं पाणी, ५०१ बारचा किसलेला साबण, दात घासून झिजलेले ब्रश आणि आजीच्या जुन्या नऊवारीच्या लांब चिंध्या, एवढंच साहित्य. चिंधी तारेभोवती एक वेढा घालून दोन्ही टोकं दोन हातांत धरायची आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी मागेपुढे ओढायची. वरून खाली येत जिथे तार मधल्या तुंब्यात शिरते तिथवर. तिथे एक कोपरा असतो, त्यात ग्रीस आणि धूळ मिळून काळा चिखल बसलेला असे. तो बोटाच्या नखानेच निघायचा. सोमवारी शाळेत बाई नखं तपासायच्या आणि मला हमखास बाकावर उभं करायच्या.

चिंधीचं काम झालं की तात्या पोत्यावर उकिडवे बसायचे आणि खिशातलं फाउंटन पेन काढायचे. पेनाच्या टोपणाने एकेका तारेवर टिचकी. टिंग. टिंग. टिंग. मधेच एखादी तार थड् करायची. ती सैल. मग स्पोक-चावी घ्यायची आणि निप्पल पाव आटा आवळायचं. पाव म्हणजे पावच. "अर्धा आटा आवळशील तर समोरची तार बोंबलेल," असं ते म्हणत. आमच्या गल्लीच्या टोकाचा सायकलवाला जे काम करताना 'आउट काढतो' म्हणायचा तेच हे, फक्त इथे चाक जाड आणि वर माणसं बसणार. टिचकीचा तो आवाज ऐकत ऐकत मला कळायला लागलं, की चाक धुणं हे तात्यांचं निमित्त होतं. प्रत्येक तारेला आठवड्यातून एकदा हात लागला पाहिजे, हा खरा कार्यक्रम.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा ती पानशेतचा पूर पाहून आलेली होती. १९६१च्या त्या जुलैत ती डेक्कनजवळच्या एका गॅरेजात उभी होती आणि मानेपर्यंत पाण्यात गेली, असं आधीच्या मालकाने सांगितलं होतं. तात्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मग चौऱ्याहत्तर साली टायर बदलायला एक चाक उघडलं. तारांची टोकं रिममधून आत येतात, ती ट्यूबला टोचू नयेत म्हणून रबराची पट्टी असते. ती उचलली, तर खाली बारीक, राखाडी, पिठासारखी माती. ओली करून बोटावर घेतली तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखी रेघ उठली. तात्या बराच वेळ ती बोटं चोळत बसले. मग चाळणीने गाळून काड्यापेटीत भरून ठेवली. ती काड्यापेटी पुढे कुठे गेली, देव जाणे.

आठवणी गोड असतात म्हणून जुनं सगळं शहाणपणाचं होतं असं मात्र नाही. ब्रेकचे ड्रम उघडले की आतली काळी पूड आम्ही तोंडाने फुंकून उडवायचो. सायकलच्या पंपाने फुर्रकन उडवली की तिचा छान ढग व्हायचा आणि आम्ही पोरं त्यात हसायचो. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. तंतू फुप्फुसात गेला की परत येत नाही, हे आम्हाला अंगणात कुणी सांगितलं नव्हतं. गॅरेजातली पोरं टायर चमकावायला जळकं ऑइल आणि डिझेल चोपडायची. टायर दोन दिवस काळाकुळकुळीत दिसायचा आणि रबर आतून फुगून मऊ पडायचं. तात्या एवढ्या एका बाबतीत काळाच्या पुढे होते. टायरला साबण-पाण्याशिवाय काही लावायचं नाही. टायर तपकिरी पडला तरी चालेल, म्हणत. तो तपकिरी रंग मळ नसतोच मुळी. हवेतल्या ओझोनपासून रबर वाचावं म्हणून कारखान्यात घातलेली मेणं आणि रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात, तो त्यांचा रंग. म्हणजे टायर आपली आपण छत्री उघडून बसलेला असतो आणि आपण ती घासून काढतो.

बंगला पडला, टॉवर उभा राहिला. तात्या गेले तेव्हा गाडी माझ्या नावावर झाली. आता ती स्टिल्टमधल्या तेरा नंबरच्या खांबाजवळ कापडाखाली उभी असते आणि खांबावर सोसायटीची पाटी आहे, 'पार्किंगमध्ये वाहन धुण्यास सक्त मनाई'. उन्हाळ्यात टँकर येत असताना पाटीशी भांडण्यात अर्थही नाही. पेट्रोल पंपावर नेली तर मुलगा बिल्ला बघून विचारतो, "काका, ही हेक्टरच्या आधीचं मॉडेल का?" हो म्हटलं, सत्तर वर्षं आधीचं. त्याची चूक नाही. अॅबिंग्डनचा जुना ब्रिटिश कारखाना १९८० साली बंद झाला, नाव फिरत फिरत चिनी कंपनीकडे गेलं आणि २०१९ पासून ते नाव गुजरातेतल्या हालोलमध्ये बनणाऱ्या गाड्यांवर लागतंय. बिल्ला अष्टकोनीच आहे.

तर धुवायची कुठे? डिटेलिंगवाल्याकडे. बाणेरच्या पुढे एक आहे. काचेचं दार, आत एसी, कॉफी. मुलं हातमोजे घालून काम करतात आणि गाडीला 'ही' न म्हणता 'युनिट' म्हणतात. गेल्या महिन्यात मी घाबरत घाबरतच आत शिरलो. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मी भारावून गेलो. बंदुकीतून साबणाचा फेस असा उडाला की चाक दिसेनासं झालं. दोनशे चाळीस तारांमध्ये एकाच वेळी फेस शिरला आणि आपोआप खाली ओघळला. आजीच्या चिंध्यांना जे काम दोन तास लागायचं, ते चार मिनिटांत. मग एका मुलाने चाकावर दुसरा फवारा मारला आणि मला म्हणाला, "सर, आता बघा, जांभळं होणार."

त्या द्रवाची मला माहिती होती. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण रिमवर चिकटतात, हे रसायन त्यांच्याशी जुळून जांभळं होतं आणि ओघळतं. वास सडक्या अंड्यासारखा. हल्लीच्या डिस्क ब्रेकच्या गाडीवर ते अगदी रक्तासारखं वाहतं. आमच्या चाकावर काहीच झालं नाही. दोन-चार फिकट टिपके आले, तेही बहुधा गंजाचे. मुलगा बिचारा हिरमुसला. त्याने आणखी दोनदा मारलं. मी म्हटलं, "अरे, हिला ड्रम ब्रेक आहेत. पूड सगळी आतच राहते, बाहेर येतच नाही." त्याने ड्रम ब्रेकची टीसी याआधी पाहिली नव्हती. आवडीने वाकून बघत बसला, चांगला मुलगा होता.

मला थांबवायला हवं होतं ते त्यानंतरच्या कामाला. त्यांनी दाबाच्या पाण्याचा फवारा थेट मधल्या तुंब्यावर धरला. तारांचं चाक बाहेरून दिसतं तेवढंच नसतं. तुंब्याच्या आत खाचा असतात, धुऱ्यावरच्या खाचांवर चाक सरकवून बसवलेलं असतं आणि त्या खाचांत पातळ ग्रीस हवंच. पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं, की खाचा गंजतात, झिजतात आणि मग ब्रेक मारला की चाकातून 'टक्' आवाज येतो. मी 'अहो, अहो' करेपर्यंत त्यांचं आटोपलं होतं. शेवटी टायरला काळं द्रव्य लावलं. टायर इतका चमकला की त्यात माझा चेहरा दिसला.

तोच चमकदार टायर घरी आल्यावर मी टॉर्च लावून पाहिला. कडेला शिक्क्यात चार आकडे होते, ३२०९. म्हणजे २००९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी जशीच्या तशी, कारण गाडी वर्षाला तीनशे किलोमीटर फिरते. पण कुशीत केसाइतक्या चिरा, आणि त्या चिरा त्या काळ्या रंगाने लिंपल्या गेल्या होत्या. आठ दिवसांनी मी नवे टायर मागवले, परदेशातून, किंमत विचारू नका. एका ओळखीच्याने बुलेटचे घाला म्हणून सुचवलं होतं, तेही एकोणीस इंचीच येतात. तात्यांनाही सत्तरच्या दशकात हाच सल्ला मिळाला होता. आम्हा दोघांचंही उत्तर एकच: मोटरसायकल वळताना कलते म्हणून तिचा टायर गोल असतो, मोटार कलत नाही.

टायर बदलायच्या आधी चाकं काढायची होती. हातोडी तीच. ठोक्यांचा आवाज स्टिल्टमध्ये असा घुमला की वॉचमन पळत आला. पाटी धुण्याबद्दल आहे, ठोकण्याबद्दल नाही, असं त्याला सांगितलं. धाकटी मुलगी पुण्यात आली होती, ती सोबत खाली उतरली. मी आतल्या खाचा रॉकेलऐवजी नव्या क्लीनरने पुसल्या, ग्रीस लावलं आणि चाक जुन्या बेडशीटवर आडवं ठेवलं. खिशात फाउंटन पेन कुठलं असणार. तिने स्वतःची पेन्सिल दिली.

टिंग. टिंग. मी टिचक्या मारत गेलो. तिने मोबाईल काढून गिटार लावायचं अॅप उघडलं आणि तारेजवळ धरलं.

"बाबा, या सगळ्या एका सुरात नाहीयेत."

"नसतातच. आतल्या रांगेतल्या आखूड, बाहेरच्या लांब. आखूड आखूडशी ताडायची, लांब लांबशी."

"मग ही बघ. ही आखूड आहे, पण खाली उतरलीय."

मला तिच्यात आणि शेजारच्या तारेत फरक जाणवला नव्हता. कान तात्यांइतका कधी तयार झालाच नाही, आणि आता वयही झालं. मी पुन्हा टिचकी मारली. अॅपचा काटा डावीकडे झुकला. स्पोक-चावी तिच्या हातात दिली.

"किती?" तिने विचारलं.

"पाव आटा."