खुर्चीतलं हेलिकॉप्टर

आमच्या विंगमध्ये सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा एक हेलिकॉप्टर उडत असतं. रूममेटच्या पीसीवर एक्स-प्लेन आहे, आणि ज्याला त्यात हॉवर जमलं त्याला खरं हेलिकॉप्टर जमलंच, असं विंगचं ठाम मत. माझा मामेभाऊ जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर नेतो. दिवाळीनंतर तो मला सोडायला आला, तेव्हा पोरांनी त्याला धरून बसवलंच.

दादाने तीनदा आपटलं! पोरं खूश. तो हसत म्हणाला, "अरे, ही खुर्ची मला काही सांगतच नाहीये."

मुद्दा तोच आहे. एक्स-प्लेन गणितात कच्चं नाही. पात्याचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावरचा लिफ्ट-ड्रॅग ते सेकंदाला कित्येकदा काढतं. आपण पेपरात एकदा काढताना घामाघूम होतो. कलेक्टिव्ह ओढला की नाक फिरतं, पेडल मारावं लागतं, हे खरं. साधारण १६ ते २४ नॉट्सला ट्रान्सलेशनल लिफ्ट मिळून यंत्र आपसूक उचललं जातं, तेही खरं. पण खऱ्या यंत्रात त्या वेळी सगळं अंग थरथरतं. हॉवरमध्ये ते बाजूला सरकू लागलं, की आधी बुडाला कळतं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना. आपल्या मॉनिटरला कोपरेच नाहीत! शिवाय जॉयस्टिक सोडली की स्प्रिंगने मध्ये येते; खरी सायक्लिक अशी आपोआप मध्ये येत नाही. म्हणजे पीसीवरचं हॉवर उलट जास्त अवघड, आणि ते कौशल्यच वेगळं. (हे ऐकून रूममेट दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.)

मग सिम्युलेटर फुकट? छे! मोठ्या सिम्युलेटरची केबिन सहा पायांवर हलते. तिथेही थोडी फसवणूक असतेच: पाय एक झटका देतात आणि मग केबिन हळूच कलवून वेग वाढत असल्याचा भास टिकवतात. पण रात्री, पावसात, समुद्रातल्या डेकवर उतरताना एक इंजिन गेलं तर काय करायचं, हे खऱ्या हवेत कोण शिकवणार? बंगळूरला एचएएल आणि सीएई यांनी मिळून काढलेलं हॅट्सऑफ २०१० पासून अशाच सरावासाठी आहे. दादाने असलं इंजिन सिम्युलेटरमध्ये कितीतरी वेळा घालवलंय.

मामीला मात्र तो हे सांगत नाही. "गेम खेळून आलो," एवढंच म्हणतो.