वाड्यातली काच आणि नातवाचं खेळाचं कपाट

मंडळी, बडोद्यातल्या जुन्या वाड्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दांडिया बाजारातला आमचाही गेला. वाटणीत आम्हा दोघा भावांचं जे बिनसलं ते दोन वर्षं तसंच होतं. बोलणं सणावारी, तेही बायकांमार्फत.

धाकट्याच्या नातवाने गेल्या उन्हाळ्यात घरीच आर्केड कॅबिनेट करायला घेतलं. म्हणजे पुरुषभर उंचीचं लाकडी कपाट, आत मॉनिटर, खाली दांडा आणि बटणं. जपानच्या नामकोने १९८० साली पॅक-मॅन काढला, त्या काळातली मशीनं असायची तसं. आता आत रास्पबेरी पायसारखा हातभर सोडा, तळहाताएवढा संगणक बसवला तरी काम होतं. प्लायवूड आलं, कुठल्या तरी ऑफिसातून बाद झालेला १९ इंची मॉनिटर आला. गाडी अडली ती मॉनिटरपुढच्या पारदर्शक झाकणावर.

धाकट्याचं म्हणणं, बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाची काच लावायची. ती त्याच्या वाटणीला आलेली. पोराला हवं होतं अ‍ॅक्रिलिक. दोघंही हटेनात, तेव्हा पोराने मला फोन केला, "मोठे आजोबा, तुम्हीच आजोबांना समजवा ना."

मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली, त्यामुळे आधी बाजारात चौकशी केली. साध्या काचेवर चरा लवकर पडत नाही, पुसायलाही सोपी. पण फुटली तर सुरीसारखे तुकडे होतात, आणि इथे तर पोरं बटणांवर दणके घालणार. टफन्ड काच फुटली तर बारीक खडे होतात, मात्र एकदा टफन केली की पुन्हा कापता येत नाही. माप आधी, भट्टी नंतर. जुनी, चरे पडलेली काच भट्टीत टिकेल याची हमी द्यायला दुकानदार तयार नव्हता. पॉलिकार्बोनेट हातोड्यालाही दाद देत नाही, पण नखानेसुद्धा ओरखडतं. अ‍ॅक्रिलिक मधलं. सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडतं, काचेच्या निम्म्या वजनाचं, आणि घरी कापता येतं. धूळ मात्र ओढून घेतं.

जाडी ३ मिलिमीटर घ्यावी की ४? ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १ मिलिमीटर जास्त घेतलं तर सव्वादोन पटीहून अधिक ताठ. कॉमर्सवाल्यालाही कळेल असा हिशोब. ४ घेतलं.

पत्रा घेऊन मी धाकट्याच्या घरी गेलो. त्याने "ये" म्हटलं, पुढे काही नाही. पोराने वरची कागदी साल तशीच ठेवून स्टीलची पट्टी क्लॅम्पने आवळली आणि आकड्यासारख्या पात्याच्या कटरने एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा ओढलं. घाई केली की पातं रेघ सोडतं. तिसरा हिस्सा खोल गेल्यावर रेघ टेबलाच्या कडेवर आणून एकदम दाबलं. कट्! धाकटा खुर्चीतून उठून बघायला आला. (पॉलिकार्बोनेट असं तुटत नाही, वाकतं. त्याला करवतच.) "अगदी खाचेच्या मापाचं कापू नकोस," मी पोराला म्हणालो. ६०० मिलिमीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर वाढतो, आणि बडोद्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे सोडले. स्क्रू टाळले, कारण साधं ड्रिल जोर लावून फिरवलं की भोकाशी तडा जातो.

मग मी धाकट्याला म्हणालो, "अरे, वर नावाची पाटी असते ना, मागे दिवा असलेली? तिथे कुणाचा हात पोचत नाही. बाबांची काच तिथे लाव."

तो काही बोलला नाही. आत जाऊन हिरकणी घेऊन आला. गणपतीच्या मखराला आणि तसबिरींना आमच्या घरी काच तोच कापायचा. हिरकणी रॉकेलमध्ये बुडवायची सवय त्याला, आता रॉकेल कुठलं? शिलाई मशीनचं तेल लावलं. एकदाच रेघ मारली, हात कापत होता तरी. एक कोपरा उडाला, तो पट्टीखाली गेला. "दादा, बघ, जमलं का," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला थेट हाक मारली.

पाटीवर पोराने पिवळ्या अक्षरांत 'दांडिया बाजार' लिहिलं होतं. गुजराती शाळेतलं पोर, त्यामुळे अक्षरं देवनागरी पण शिरोरेघ गायब! धाकट्याने कागद पुढे ओढला आणि काळ्या मार्करने दोन्ही शब्दांवर रेघ दिली.

आता झाकण मलमलच्या ओल्या फडक्याने पुसतात. काचेचे अमोनियावाले स्प्रे अ‍ॅक्रिलिकला चालत नाहीत, हे मी सुनेला दोनदा सांगून आलोय. रविवारी जातो. पॅक-मॅनमध्ये धाकटा माझ्यापेक्षा बराच पुढे आहे.