जू, फाळ आणि कवच

धर्मगुरूने ट्रॅक्टरविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामात आम्ही काही वर्षे सेवा केली, तेथे वेदीइतकाच ट्रॅक्टरशीही आमचा संबंध आला. आणि त्या संबंधातून एक ऋण आमच्या माथी उरले. ते लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचे बालपण शेतकऱ्याच्या घरी गेले. नवे जू करावयाचे झाले म्हणजे गावचा सुतार लाकडाला हात लावण्यापूर्वी बैल पाहावयास येत असे. खांद्याची उंची तो वितीने मोजी, कोणता बैल ओढीला कमी हे विचारी, आणि मगच शिवळांची छिद्रे कोठे पाडावयाची हे ठरवी. पुढे गुरुविद्यालयात शिकत असताना दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांच्या लिखाणाचा परिचय झाला. येशू सुताराच्या धंद्यात नांगर आणि जू घडवीत असत, असे त्यांनी नमूद केले आहे. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमचा तो सुतारच उभा राहिला होता.

आमचा तो धर्मग्राम आजच्या अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर, जिल्ह्यात आहे. तेथील अकरा अल्पभूधारक शेतकऱ्यांनी २०१५ साली भागीदारीत बावीस अश्वशक्तीचा एक छोटा, जुना ट्रॅक्टर घेतला. हिशेबाची वही आमच्याकडे होती. डाळिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा तो ट्रॅक्टर सर्वांच्या मनात भरला. पण बाजारात मिळणारी बहुतेक अवजारे त्याच्याहून मोठ्या ट्रॅक्टरांसाठी केलेली होती. तेव्हा गावातील वेल्डिंगच्या दुकानाचे मिस्त्री पुढे आले. चॅनेल, अँगल आणि भंगारातील फाळ यांतून त्यांनी आमच्या मापाची अवजारे घडविण्यास आरंभ केला, आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपली की आमची पावले त्यांच्या दुकानाकडे वळू लागली.

या कामाचे सारे शास्त्र ट्रॅक्टरच्या मागील तीन सांध्यांत साठविलेले आहे. आयर्लंडच्या उत्तर भागातील एका शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याने ही जोडणी सिद्ध केली. त्यापूर्वी नांगर साखळीने किंवा दांडीने ट्रॅक्टरमागे ओढला जाई. फाळ खडकात अडकला की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरशी एकजीव केले. आता जमिनीचा विरोध वरच्या दांडीतून पुढे रेटला जातो आणि पुढची चाके दाबून धरतो. १९३८ साली त्याने हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार केला, आणि पुढच्याच वर्षी या जोडणीचा ट्रॅक्टर अमेरिकेत बाजारात आला. आज आपल्या शिवारातील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हाच त्रिकोण दिसतो.

पण त्रिकोण तयार मिळाला तरी माप ज्याचे त्यालाच घ्यावे लागते. मिस्त्रींनी केलेला पहिला कुळव भक्कम होता, मात्र त्याची चौकट सांध्यांपासून फार मागे गेली होती. वजन तेवढेच असले, तरी ते दुप्पट अंतरावर टांगले की त्याचा उलटविणारा जोर दुप्पट होतो. बांध चढताना पुढची चाके हलकी झाली आणि सुकाणू फिरवूनही ट्रॅक्टर वळेना. मिस्त्रींनी चौकट कापून वीतभर पुढे घेतली, ट्रॅक्टरच्या नाकाशी लोखंडी वजने लावली. नंतर झाडाच्या फांद्यांखाली जाणारे, एका बाजूला सरकविलेले अवजार केले. ते फार सरकविले तर ट्रॅक्टरचे तोंड त्या बाजूला ओढले जाते, हेही शेतानेच शिकविले. या सर्व चुका स्वस्तात निभावल्या. त्यामुळे आम्हांस थोडा गर्व झाला असावा.

२०१६ चा मे महिना सरत आला होता. एका कुटुंबाच्या अडीच एकरांत सीताफळाची चारशे रोपे लावावयाची होती, आणि पावसापूर्वी खड्डे व्हावयास हवे होते. मिस्त्रींनी जुन्या बाजारातून दातेरी चाकांची एक पेटी आणून खड्डे घेणारा गिरमिट तयार केला. ट्रॅक्टरची शक्ती त्या पेटीपर्यंत नेणारा फिरता शाफ्ट लांब होता, म्हणून तो कापला. त्यावरचे प्लास्टिकच्या नळीचे कवचही तेवढेच कापून बसवावयाचे असते. ते नीट बसेना, खडखडू लागले. म्हणून काढून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवले.

शाफ्ट आणि पेटी यांच्या सांध्यात एक मऊ पोलादाचा बोल्ट असतो. फार ताण आला की त्याने स्वतः तुटावे आणि आतील चाके वाचवावीत, एवढ्यासाठीच तो असतो. खाली मुरूम लागल्यावर तो चार वेळा तुटला. जवळचे बोल्ट संपले. मिस्त्रींपाशी एक लांब, कडक बोल्ट होता. तो बसविला तेव्हा त्याचे टोक दोन बोटे बाहेर राहिले. ते आमच्याकडे वळून म्हणाले, “कापून आणू का फादर? दुकानापर्यंत जाऊन यायला अर्धा तास लागेल.” सूर्य कलला होता. आम्ही म्हणालो, “उद्या कापू. आज एवढी ओळ होऊ द्या.”

त्या कुटुंबाचा एकोणीस वर्षांचा मुलगा सुट्टीसाठी घरी आला होता. गिरमिट मुरुमात शिरेना, म्हणून तो चौकटीवर आपला भार देण्यासाठी पुढे झाला. बोल्टाच्या टोकाने त्याच्या शर्टाची बाही धरली. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर अर्ध्या फुटाचा धरला, तर सेकंदाला साडेचार फूट कापड त्याभोवती गुंडाळले जाईल. बाही दोन फुटांची असते. चालकाने क्लच दाबला, पण तोवर उशीर झाला होता. शर्ट जुना होता, तो खांद्यापाशी फाटला, म्हणून मुलगा वाचला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. दोन बोटे गेली.

गावाने दोष मिस्त्रींना दिला. अडाण्याने यंत्र केले, असे चावडीवर बोलले जाऊ लागले. दुकानाकडे कोणी फिरकेना. मिस्त्रींनी कोणालाही काही सांगितले नाही. आणि आम्हीही तीन रविवार गप्प राहिलो. धर्मगुरूविषयीचा लोकांचा आदर ढळू नये, असे कारण आम्ही स्वतःस देत होतो. इतरांची पापकबुली ऐकणाऱ्याला स्वतःची कबुली किती जड जाते, हे त्या तीन आठवड्यांत कळले. चौथ्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही लोकांना थांबविले आणि ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. मिस्त्रींनी विचारले होते, आणि “उद्या” हा शब्द आमचा होता. मंदिरात कोणी खोकलेही नाही.

मुलाचे वडील बाहेर भेटले. आम्ही शब्द जुळवीत होतो, ते म्हणाले, “फादर, ट्रॅक्टर बंद ठेवू नका. पाऊस तोंडावर आला.” त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. मिस्त्री मात्र सरळ मुद्द्यावर आले : “तुम्ही बोललात, चांगलं केलंत. आता नळी बसवू या.” त्या दुपारी आम्ही दोघांनी कवच मापाने कापले. ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी चौकटीला अडकविली, सांध्यावर पत्र्याचे झाकण बसविले आणि योग्य लांबीचे मऊ बोल्ट डबाभर आणून ठेवले. गिरमिट शिरला नाही तर कोणी जवळ जावयाचे नाही. तो वर घ्यावयाचा, खड्ड्यात पाणी ओतावयाचे आणि मुरूम रात्रभर भिजू द्यावयाचा, असा नियम ठरला. पाण्यासाठी एक रात्र थांबणे आम्हांस आधी का सुचले नाही, याचे उत्तर आजही आमच्यापाशी नाही.

आमचा सुतार आधी बैलाचा खांदा पाहत असे. आम्ही ट्रॅक्टरचे माप घेतले, मातीचे घेतले, झाडांच्या ओळींचे घेतले. जो त्या अवजाराजवळ उभा राहणार होता त्याचे माप तेवढे राहून गेले. कवच ही यंत्र पूर्ण झाल्यावर चढवावयाची वस्तू नव्हे. जू खांद्यापासून सुरू होते, तसे यंत्र त्याजवळच्या माणसापासून सुरू व्हावयास हवे.

पुढे आमची बदली झाली. गेल्या वर्षी एका विवाहाच्या निमित्ताने त्या गावी जाणे झाले. तो मुलगा आता मिस्त्रींच्याच दुकानात काम करतो. मिस्त्रींची दृष्टी मंदावली आहे. आम्ही बाकावर बसलो असताना एक शेतकरी घाईघाईने आला. त्याच्या शाफ्टचे कवच तडकले होते, पण त्याला फक्त फाळ जोडून हवा होता. “नळी उद्या बसवू,” तो म्हणाला.

तरुणाने आपला तीन बोटांचा हात ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला. “मग उद्याच या दादा,” तो शांतपणे म्हणाला, “ट्रॅक्टर इथं राहू द्या.”