आधी हात, मग सूर

लासलगावची ओळख कांद्याची. पण निफाड तालुक्यातल्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा गळ्यात वीणा घेऊन उभा राहणारा विणेकरी हीसुद्धा इथल्या हातांची ओळखच असते. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. पहारा संपला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. या रिवाजात भक्ती आहे, तशी शरीराची जाणही आहे. वाद्याचा भार नुसत्या हातावर फार वेळ पेलत नाही. तो खांद्यावरून पाठीत आणि पाठीतून पायांत उतरला, तरच तारेवरचे बोट मोकळे राहते. म्हणून तंतुवाद्य शिकणाऱ्याचा पहिला धडा हाताच्या ठेवणीचा असावा, असे माझे ठाम मत आहे. सूर त्या ठेवणीतूनच निघतो.

याचे कारण हाताच्या रचनेत आहे. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या कंडरा मनगटातल्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत पोचतात. मनगट मुरडले की त्या वाटेतला दाब वाढतो. खांदा उचलून धरला की मान आखडते, कोपर अवघडते आणि बोट तार छेडण्याऐवजी ओरबाडते. तंबोऱ्याची बैठक हेच टाळते. हात भोपळ्याच्या आधाराने विसावतो, पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. बोट आकड्यासारखे न वाकवता तारेच्या दिशेने ठेवून मऊ भागाने फिरवतात. तेव्हाच जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, खुलते आणि एका तारेचा नाद विरण्याआधी दुसरीचा त्यात मिसळतो. पाश्चात्त्य हार्पची मांडणी वेगळी: ४७ तारा, ७ पायपट्ट्या, उजव्या खांद्यावर रेललेले वाद्य. अंगठा वर, बोटे खाली झुकलेली. करंगळी तोकडी म्हणून सहसा वापरतच नाहीत. छेडल्यानंतर बोट तळहाताकडे मिटते, म्हणजे जोर तिथेच संपतो. हे वाद्य आपल्याला अगदी परकेही नाही. भाज्याच्या लेण्यातल्या शिल्पात आणि समुद्रगुप्ताच्या नाण्यावर दिसणारी वीणा धनुष्याच्या आकाराची, हार्पच्याच कुळातली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो भावाचा. भजनात मन लागले पाहिजे, मनगट कसे आहे हे कोण पाहतो? पण अवघडलेला हात मनाला सारखा आपल्याकडे ओढतो. खांदा दुखू लागला की नामातले लक्ष दुखण्यात जाते. ठेवण नीट असली, तर हाताचा विसर पडतो आणि भावाला जागा मिळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हार्पच्या गुरूंमध्येच एकमत नाही: हार्पवादक कार्लोस साल्झेडोच्या पद्धतीत कोपरे उचललेली असतात, तर फ्रेंच परंपरेत उजवे मनगट वाद्याच्या फळीला हलके टेकते. मग बरोबर ठेवण कोणती? माझे उत्तर असे की कोपर किती उंच ठेवावे हा घराण्याचा प्रश्न आहे. प्रत्येक आघातानंतर हात सैल व्हावा, यावर दोन्ही पद्धतींचा भर आहे. शरीरे वेगळी, म्हणून कोनही वेगळे असणार. गुरूने आकृती लादू नये, ताण शोधावा.

तिसरा आक्षेप असा, की दिवसभर विळ्याने कांद्याची पात कापणाऱ्या हाताला हे नाजूक धडे कशाला? उलट, त्यालाच ते अधिक लागतात. त्याच मनगटाने सकाळपासून शेकडो वेळा तीच हालचाल केलेली असते. संध्याकाळी वाद्यावर पुन्हा ताण घालणे म्हणजे थकव्यात भर. मुले कंटाळतील हेही खरे, पण त्यावर उपाय आहे. सुरुवातीला एकच तार द्यावी, समोर आरसा ठेवावा, थोडेच वाजवून घ्यावे आणि मधून हात मांडीवर सोडायला लावावा. एका तारेचा स्वच्छ सूर ऐकू आला की मूल त्या सुरासाठीच हात सांभाळू लागते. रियाजात सोसणे हेच मोठेपण, ही समजूत मात्र आता सोडली पाहिजे. दुखणारे मनगट हा मेहनतीचा पुरावा नसतो. वाजवणे थांबवून ठेवण तपासण्याची ती सूचना असते, आणि ती वेळीच ऐकणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.