मोळीवाला

बाभळीच्या फांदीला बोटाच्या दोन पेरांएवढी काड्यांची मोळी लोंबताना दिसली, तर ती वाळकी काटकी समजू नका. आत जीव असतो. पतंगाचीच जात, पण पंख फुटायच्या आधीची. आमची आई त्याला मोळीवाला म्हणायची.

अळी काटक्या कुरतडते, जवळपास सारख्या मापाच्या, आणि उभ्या एकमेकींना लावून रेशमानं बांधते. आतून मऊ अस्तर. पाला खायचा तर नुसतं डोकं आणि पुढचे पाय बाहेर काढायचे आन् घर ओढत पुढं सरकायचं. बोट लावलं की आत. अंग वाढलं की घर वाढवायचं. इतकं नेटकं काम आमच्या गावच्या एकाही गवंड्याला जमलेलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

आई म्हणायची, मागल्या जन्मी यानं दुसऱ्याच्या रानातलं सरपण चोरलं, म्हणून या जन्मी मोळी वाहतोय. १९७२ च्या दुष्काळात ती स्वतः दिवसभर खडी फोडून सांजच्याला माळावरनं मोळी आणायची. माळ काही आमचा नव्हता. एकदा मी विचारलं, "आये, मग तुझं कसं?" ती हसली. म्हणाली, "मी या जन्मीच वाहतेय की. पुढल्याचं आत्ताच फिटतंय."

मोळी दोघंही वाहतात, पण पंख फुटतात ते नराला. मळकट तपकिरी, दिव्यावर आला तरी कुणी बघणार नाही असा. खाणंपिणं बंद, थोड्या दिवसांचा पाहुणा. मादीला पंख येतच नाहीत. ती मोळीतच राहते, नर तिथं येतो, अंडीही तिथंच घालते, की तिचं संपलं. पिल्लं धाग्याला लोंबकळतात आणि वारा नेईल तिथं जातात. जवळ झाड असलं तर जगली.

म्हणून दादाशी माझं वाजलं. सामाईक बांधावरच्या अकरा बाभळी काढून त्याला तार ओढायचीय. सावलीनं पीक मरतं हे त्याचं खरं आहे. बांधालगतची दोन तासं खुरटी राहतात, मलाही दिसतं. पण माळावर प्लॉट पडल्यापासनं मोळ्या दिसतात त्या आता ह्याच बांधावर. दादा म्हणाला, "दहावी शिकलास त्याचं हे फळ!" मग मी आईचं बोलणं काढलं. तो बराच वेळ गप्प बसला. सहा झाडं ठेवू म्हणाला.

कोणती सहा ते अजून ठरायचंय. मी रोज सकाळी मोळ्या मोजत फिरतोय. ओढ्याच्या अंगाला जास्त आहेत.